घरात आजारपण आणि पोरं दिवसभर चिखलात: खेळू द्यावं का?

पाखाडी | ९ जुलै, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. जूनच्या सुरुवातीला सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही अडखळतं. इस्पितळातून घरी आणलं तेव्हापासून आम्ही पुण्याचं घर बंद करून गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी आहोत. नवरा पडवीत लॅपटॉप घेऊन बसतो. रेंज आली की काम, गेली की बाबांचं अंग पुसणं, कूस बदलणं. सासूबाई रात्र रात्र जाग्या असतात. स्वयंपाक, औषधांच्या वेळा आणि येणारे-जाणारे माझ्याकडे.

मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. त्यांच्याकडे बघायला खरं तर कोणालाच सवड नाही. सुरुवातीला दोघं माजघरात खाटेभोवती घुटमळत राहायची. धाकटा रात्री दचकून उठायचा. मोठी पुन्हा अंगठा चोखायला लागली होती, तो तिने कधीचाच सोडला होता. मग पाऊस लागला. घरामागे पोफळीची (सुपारीची) बाग आहे, तिथला पाट भरून वाहू लागला आणि दोघांना चिखल सापडला. आता सकाळी पेज खाल्ली की जी पळतात ती जेवायलाच परत. पाटाला बांध घालायचा, फोडायचा, करवंटीत लाल मातीचे मोदक पाडायचे, विरीवर (पोफळीच्या झावळीच्या रुंद देठावर) एकमेकांना बसवून ओढायचं. संध्याकाळी दोघांचे फक्त डोळे ओळखू येतात. पण रात्री गाढ झोपतात, आणि अंगठाही सुटला.

आता अडचण. बाबांना बघायला रोज माणसं येतात. "घरात माणूस अंथरुणाला खिळलाय आणि पोरं धुळवड खेळतायत" हे माझ्या कानावर पडेल एवढ्या आवाजात बोललं जातं. परवा चुलतसासूबाईंनी मुलीला जवळ बोलावून विचारलं, "आजोबा बरे नाहीत, तुला कळत नाही का गं?" त्या दिवशी ती बागेत गेलीच नाही. मला फार लागलं ते.

माझं मत विचाराल तर खेळू द्यावं. पण सासूबाईंना दुखवायचं नाही, आणि पावसाळ्यातल्या चिखलाची धास्तीही वाटते. तुमच्याकडे अशा वेळी काय केलंत? तब्येतीच्या दृष्टीने काय सांभाळावं?

---

सागरगोटी | ९ जुलै, रात्री १०:३१

खेळू दे. बिनधास्त. बाबांना लवकर आराम पडो.

---

मालवणी_खाजा | ९ जुलै, रात्री १०:४०

मालवणीत लिवतंय, चालात मा? पोरांका खेळूक दी गो बाय. आमी काय चिखलात लोळान मोठे झालो नाय? बघूक येतत ती माणसा चाय पिऊन घराक जातली, पोरा तुझ्याच घरात रवतली.

---

डॉक्टर_पडवीतले | ९ जुलै, रात्री ११:२५

खेळू द्यावं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तब्येतीचं विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पावसाळ्यात जे बघतो त्यावरून.

पहिला क्रमांक पाण्याचा. लोकांना जंतूंची भीती वाटते, पण जीवावर बेततं ते बिनकठड्याच्या विहिरीमुळे, फुगलेल्या पऱ्यामुळे (ओढ्यामुळे) आणि पावसाळी समुद्रामुळे. चार वर्षांचं मूल हातभर पाण्यातही बुडू शकतं. बागेत विहीर असेल तर बाकी सगळं नंतर, आधी तिच्यावर जाळी किंवा फळ्या. पाटाचं पाणी घोट्यापर्यंत असेल तर खुशाल. वरच्या अंगाला जोरदार पाऊस झाला की पऱ्याचं पाणी बघता बघता वाढतं, तेव्हा मुलं काठावरही नकोत.

दुसरा लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा ताप. उंदराच्या आणि गुरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, चिखलातून होतो. जंतू शिरतो उघड्या जखमेतून, फार वेळ भिजून मऊ पडलेल्या कातडीतून, डोळ्या-नाकातून. म्हणून गोठ्याखालचा, गटारालगतचा, साचून राहिलेला चिखल नको. वाहत्या पाटाजवळची माती त्या मानाने बरी. पायाला चीर, खरूज, फोड असेल तर तो बरा होईपर्यंत चिखल बंद. खेळून आल्यावर साबणाने स्वच्छ आंघोळ. साधारण ५ ते १४ दिवसांनी थंडी वाजून ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं असं काही दिसलं तर घरी क्रोसिन देत बसू नका. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की पोर चिखलात खेळत होतं. वेळेवर औषध मिळालं तर लेप्टो पूर्ण बरा होतो. लावणीच्या दिवसांत शेतात उतरणाऱ्या मोठ्या माणसांना आठवड्याला डॉक्सीसायक्लिन देतात, ते बघून मुलांना मात्र आपल्या मनाने गोळ्या देऊ नका.

तिसरं धनुर्वात. मुलीचा पाच-सहा वर्षांचा बूस्टर झालाय का, कार्डावर बघा. मुलाचा दीड-दोन वर्षांचा झालेला असायला हवा. पुढचे डोस १० आणि १६ व्या वर्षी.

चौथं जंत. अनवाणी पायाच्या कातडीतून अंकुशकृमी शिरतो, मुलं फिकी पडतात. राष्ट्रीय जंतनाशक दिनी अंगणवाडीत, शाळेत १ ते १९ वर्षांच्या मुलांना जंताची गोळी देतात. ती चुकली असेल तर आरोग्य केंद्रात विचारा.

आणि विंचू-साप. कौलांचा ढीग, लाकडं, चिऱ्यांची रास, नारळाच्या सोडणांचा ढिगारा इथे हात घालायचा नाही, एवढा एक नियम मुलांना पाठ करून घ्या. लाल विंचू चावून घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले की लगेच दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून दाखवल्यापासून विंचूदंशाने जाणारी किती मुलं वाचली आहेत, पण त्यासाठी पोर वेळेत पोचायला हवं. साप चावला तर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं काही नको. हातपाय हलवू न देता थेट मोठ्या रुग्णालयात, गाडी नसेल तर १०८.

यादी लांबली. वाचून घाबरू नका. विहीर झाका, जखमा बघा, आंघोळ घाला, इतकं केलंत तरी मोठा धोका टळला.

---

पाखाडी | ९ जुलै, रात्री ११:५२

डॉक्टर, मनापासून आभार. विहीर आहे बागेच्या टोकाला, कठडा गुडघ्याइतकाच. उद्या पहिलं काम तेच. मुलीचा बूस्टर झालाय, कार्ड पुण्याला आहे पण फोटो सापडला.

---

तात्या_केळशीकर | १० जुलै, सकाळी ७:०५

मी जरा वेगळं लिहिणार आहे, राग मानू नये.

घरात दुखणं असताना घर शांत असावं, ही रीत कोणी छळायला घातलेली नाही. आजारी माणसाला आवाज सोसत नाही. रात्रभर जागलेल्या बाईला दुपारी तासभर डोळा लागतो, त्यात अंगणात आरडाओरडा झाला तर तिने कुठे जावं? दुसरं असं की सात वर्षांची मुलगी काही अगदी लहान नाही. आजोबांच्या उशाशी दहा मिनिटं बसावं, तांब्या द्यावा, पाय चेपावेत. घरातलं दुःख मुलांपासून सगळं लपवून त्यांना बाहेर पिटाळलं तर ती माणूसपण शिकणार कुठे? माझे वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मला त्यांच्याजवळ बसू दिलं होतं. आज सत्तरी जवळ आली तरी ते बसणं मला पुरतं आहे.

---

जाईजुई | १० जुलै, सकाळी ९:१८

तात्या, उशाशी बसण्याबद्दल पूर्ण सहमत. पण मूळ पोस्ट पुन्हा वाचा. चिखलात दोघं होती. "तुला कळत नाही का" हे कोणाला विचारलं गेलं? मुलीला. चार वर्षांच्या भावाला कोणी विचारणार नाही हे ठीक, पण मला खात्री आहे की तो सात वर्षांचा असता तरी विचारलं नसतं. घरात संकट आलं की सगळ्यात आधी मुलीचं बालपण आवरतं घेतात. आईला हात हवा असतो, मग ती भाजी निवडते, भावाला सांभाळते, पाहुण्यांना पाणी देते. आमच्या घरी आईच्या बाळंतपणात आणि नंतरच्या आजारपणात माझं हेच झालं. दादा मात्र खाडीत पोहून यायचा.

पाखाडी, लेकीला बागेत पाठव. तिला स्वतः सांग की मी पाठवतेय. त्या काकूंच्या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालेलं नाही, ते तिच्या मनात तसंच पडून असेल.

---

चिखलणी | १० जुलै, सकाळी ९:४४

जाईजुई +१.

राजापूरकडे आमची आता लावणी चालू आहे. डॉक्टरांनी लिहिलंय ते अगदी खरं, सगळा चिखल सारखा नसतो. मळ्यातला चिखल, जिथे रोज नवं पाणी खेळतं, तो वेगळा. गोठ्याच्या खालच्या अंगाचा वेगळा. आमच्याकडे पोरांना आवणाच्या (भाताच्या रोपांच्या) जुड्या पोचवायचं काम देतात. बांधावरून पळायचं, जुडी फेकायची. मधेच चिखलात आपटायचं, ते कामात धरलेलं असतं. :)

---

पाखाडी | १० जुलै, दुपारी २:३०

तात्या, राग अजिबात नाही. बाबांजवळ दोघं बसतात. मुलगी त्यांना शाळेच्या पुस्तकातला धडा वाचून दाखवते, तेव्हा ते डाव्या हाताने तिचा हात धरून ठेवतात.

जाईजुई, तुझं वाचून सकाळी तिला घेऊन मी स्वतः बागेत गेले. ती म्हणाली, "मी खेळले तर आजोबा जास्त आजारी पडतील का?" हे तिच्या डोक्यात होतं! काकूंचं वाक्य तिने असं घेतलं होतं. तिला समजावलं की आजोबांच्या डोक्यातली एक रक्तवाहिनी बंद झाली म्हणून ते आजारी पडले, तुझ्या खेळण्याशी त्याचा काही संबंध नाही. तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग विरी उचलली.

आणखी एक सांगायचं आहे, त्याने सासूबाई फार अस्वस्थ झाल्या. धाकट्याने काल पोफळीच्या बुंध्याशी एक काठी आडवी ठेवली, तिला चिखलाने लिंपली, वरून वेलीचा लांब तुकडा सोडला आणि करवंटीतलं पाणी थेंब थेंब त्यावर ओतत बसला. विचारलं तर म्हणे सलाईन लावलंय, हलू नका. सासूबाई तिथूनच मागे फिरल्या. म्हणाल्या, असलं खेळणं अशुभ असतं, बंद कर. काय करू?

---

मनमोकळी | १० जुलै, दुपारी ४:१०

बंद करू नकोस. मी शाळेत मुलांसाठी समुपदेशन करते. लहान मुलं जे पाहतात आणि ज्याचा अर्थ लागत नाही, ते खेळायला घेतात. खऱ्या इस्पितळात त्याला कोणी काही विचारलं नाही, कडेवर उचलून बाहेर नेलं असेल. चिखलातल्या इस्पितळात डॉक्टर तो आहे. सलाईन कधी लावायचं, कधी काढायचं, हे तो ठरवतोय. चार वर्षांच्या मुलाकडे भीती सांगायला शब्द नसतात, हात असतात. माती त्या हातांना वळते, म्हणून ती इतकी उपयोगी. तयार खेळण्यातल्या इंजेक्शनपेक्षा करवंटी बरी, कारण ती उद्या होडी होते.

लक्ष कधी द्यायचं? एकच खेळ आठवडेच्या आठवडे तसाच चालला, त्यात रोगी रोज मरतोच, मूल खेळून मोकळं न होता आणखी कावरंबावरं होतंय, झोप-जेवण तुटतंय, असं दिसलं तर कोणाला तरी दाखवा. तुमचं उलट आहे, तो झोपतोय.

सासूबाईंना अशुभ वाटणं मी समजू शकते, त्यांच्यावर फार ताण आहे. त्यांना एवढंच सांगून बघ की तो आजोबांना बरं करतोय.

खेळ ही चैन नाही, हेही लिहून ठेवते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम ३१ खेळाच्या हक्काचं आहे आणि भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. त्यात घरात सगळं सुरळीत असेल तेव्हाच, अशी अट नाही.

---

बोर्डीची_वाट | १० जुलै, संध्याकाळी ६:०२

मनमोकळी, सुंदर लिहिलंत. आमच्या उत्तर कोकणात १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन बालशिक्षणाचं काम सुरू केलं. महागडी माँटेसरी साधनं गावात परवडण्यासारखी नव्हती, तेव्हा त्यांनी शिंपले, बिया, पानं, माती हेच साधन केलं. पुढे कोसबाडच्या डोंगरावर आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी, कुरणशाळा उभ्या राहिल्या. मुलं गुरांमागे जातात तर शाळाच कुरणात न्यायची! ज्या मुलांच्या घरी रोजचीच ओढाताण होती, त्यांच्यासाठी हे केलं गेलं. मातीत हात घातलेलं मूल शिकतं, यावर त्यांचा केवढा विश्वास होता.

---

समईवात | १० जुलै, रात्री ८:४७

सगळे "खेळू दे" म्हणताय, पण कपडे कोण धुणार? ती बाई आधीच आजारी माणसाच्या चादरी धुतेय. जुलैत कोकणात काहीही वाळत नाही. दोन पोरांचे दिवसाला चार जोड, लाल माती, बाहेर धो धो पाऊस. ताणाच्या काळात मुलांना मोकळं सोडा हे म्हणणं योग्यच, पण त्या मोकळेपणाचं ओझं घरातल्या एकाच बाईच्या कमरेवर पडत असेल तर ते चार दिवस टिकतं, पाचव्या दिवशी तीच पोरांवर ओरडते. आधी यावर बोला.

---

कोकम_आगळ | १० जुलै, रात्री ९:२०

समईवात, लाखातलं बोललात. मी दोन मुलांचा बाप, बायकोच्या केमोच्या काळात घर मी चालवलं, म्हणून लिहितो.

मुलाला चड्डीवरच सोडा. मुलीला एक जुना पेटीकोट किंवा टी-शर्ट-हाफपँट, चिखलाचा म्हणून ठरवून टाकायचा. रोज तोच. तो पांढरा करायला जायचंच नाही. खळखळून पाटातच काढायचा, पडवीत दांडीवर टाकायचा, ओला तर ओला, दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलातच जायचंय.

आंघोळ घराबाहेर. मागच्या दारी दगडी डोणी असेल तर तिच्याशेजारी बंबातलं गरम पाणी बादलीत काढून ठेवायचं. आधी पन्हळीखाली उभं करायचं, कौलांवरून पडणाऱ्या धारेत निम्मा चिखल जातो आणि पोरांना तो खेळच वाटतो. मग साबण. न्हाणीत येईपर्यंत पोरं स्वच्छ असली की घर सारवायची वेळ येत नाही.

चांगल्या कपड्यांना लाल माती लागलीच तर ओली असताना चोळू नका, आत शिरते. वाळू द्या, झटका, मग धुवा. डाग राहिला तर ब्लीच टाकू नका. आपल्या मातीचा लाल रंग लोहाचा, ब्लीचने तो जात नाही. लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवायचं, ऊन श्रावणात मिळेल. :)

आणि हे सगळं पाखाडीने का करायचं? नवऱ्याला रेंज नसते तेव्हा पन्हळीखाली उभं राहायला रेंज लागत नाही.

---

समईवात | १० जुलै, रात्री ९:३३

शेवटची ओळ फ्रेम करून लावावी अशी. वहिनी कशा आहेत आता?

---

कोकम_आगळ | १० जुलै, रात्री ९:३८

ठणठणीत. आता तीच पोरांना घेऊन कुर्ल्या धरायला जाते.

---

गांधारेश्वर_पूल | ११ जुलै, सकाळी ८:१५

मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या पहिल्या मजल्याला टेकलं होतं. पाणी उतरल्यावर घराघरात, दुकानात, रस्त्यावर चिखलच चिखल. तेव्हा बाहेरगावच्या एका ओळखीच्या बाईंनी फोनवर सांगितलं, मुलांना चिखलात खेळू द्या, मन मोकळं होईल. मी फोन ठेवून दिला. त्या चिखलात गटारं होती, मेलेली जनावरं होती, काचा, पत्रे, दुकानांतली रसायनं होती. वास अजून नाकात आहे. माझ्या मुलाला मी दारातही उभं केलं नाही, दुसऱ्याच दिवशी भावाबरोबर त्याला हेदवीला पाठवलं. तिथे तो दिवसभर वाळूत असायचा. वाळूत घर बांधायचा, त्याच्यावर पाणी ओतायचा, घर पडलं की पुन्हा बांधायचा. भाऊ सांगायचा, कोणाशी बोलत नाही, फक्त बांधतोय. मग हळूहळू बोलायला लागला.

तेव्हा खेळू द्या हे खरंच, पण पुराचा चिखल म्हणजे खेळाचा चिखल नव्हे. हा धागा कोणी पूर आल्यावर वाचेल म्हणून लिहून ठेवते.

---

डॉक्टर_पडवीतले | ११ जुलै, सकाळी ८:५०

शंभर टक्के. पुरानंतरच्या चिखलात मुलं अजिबात नकोत. मोठ्यांनीही सफाई करताना गमबूट, हातमोजे घालावेत आणि आरोग्य केंद्रातून लेप्टोच्या गोळ्यांची चौकशी करावी.

---

सुपारीचा_मांडव | ११ जुलै, सकाळी १०:२६

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आम्ही दिवेआगरला होतो. त्या एका दुपारी आजोबांनी लावलेली बाग आडवी झाली. पोफळी काड्या मोडाव्यात तशा मोडल्या. वीज कित्येक दिवस नव्हती, करोनाची टाळेबंदी होतीच. वडील ओटीवर बसून बागेकडे नुसते बघत राहायचे. कोणाशी बोलत नसत.

माझ्या पुतण्या त्या पडलेल्या पोफळींवरून तोल सांभाळत चालायच्या. मग त्यांनी वादळ-वादळ खेळ काढला. एक वादळ, बाकीच्या झाडं. वादळाने फुंकर मारली की झाडांनी चिखलात पडायचं. आईला ते बघवेना, ती आत गेली. आम्ही आधी पत्रे, खिळे, तारा, फुटकी कौलं उचलून एक मोकळा तुकडा करून दिला आणि तिथेच खेळायचं असं बजावलं. एके दिवशी त्यांतली धाकटी पडलेलं झाड झाली होती, तिने वडिलांना हाक मारली, "आजोबा, मला उभं करा ना, लावा ना परत!" वडील उठले, चिखलात गेले, तिला धरून उभं केलं. त्यानंतर ते कुदळ घेऊन बागेत जायला लागले. आता नवी रोपं डोक्याच्या वर गेली आहेत.

---

सागरगोटी | ११ जुलै, सकाळी १०:३५

सकाळी सकाळी रडवलंत.

---

तात्या_केळशीकर | ११ जुलै, दुपारी १२:१५

निसर्गाने आमच्या केळशीलाही सोडलं नव्हतं. वाचून गलबललो.

पाखाडी, एक सुचवतो. तुमच्या सासऱ्यांना कोणी विचारलं का, पोरांचा आवाज त्यांना नको आहे की हवा आहे? माझं शांततेबद्दलचं म्हणणं कायम आहे, दुपारी दोन ते चार पोरं घरात गप्प राहिलीच पाहिजेत, तुमच्या सासूबाईंच्या झोपेसाठी. पण बाकी वेळ खाट मागच्या पडवीत नेता आली तर बघा. बागायतदार माणूस, महिनाभर माजघरातली तुळई बघतोय.

---

पाखाडी | ११ जुलै, रात्री ९:५५

तात्या, तुम्हाला नमस्कार. आज विचारलं. ते मानेने हो म्हणाले, इतक्या जोरात की आम्ही चौघंही हसलो. नवऱ्याने आणि शेजारच्या दादांनी खाट उचलून मागच्या पडवीत ठेवली, झड येऊ नये म्हणून ताडपत्री बांधली. पाटाचं पाणी नीट वळत नव्हतं तेव्हा बाबा डाव्या हाताने खुणा करून मुलांना बांध कुठे घालायचा ते दाखवत होते. सासूबाई बाजूला वाती वळत बसल्या होत्या. चुलतसासूबाई आल्या तेव्हा सासूबाईंनीच सांगितलं, "असू देत, ह्यांनाच आवडतंय."

फिजिओ म्हणाले की उजव्या हाताला काहीतरी मऊ दाबायला द्या. मुलाने लगेच मातीचा गोळा आणला! द्यावा का?

---

डॉक्टर_पडवीतले | ११ जुलै, रात्री १०:२०

कल्पना चांगली, फक्त माती नको. झटका आलेल्या माणसाच्या हाताला बधिरपणा असतो, खडा-काटा लागला तरी कळत नाही आणि बागेतली माती जखमेला वाईट. कणकेचा गोळा द्या, थोडं तेल लावून. मुलाला त्याच कणकेचा दुसरा गोळा द्या, दोघांनी मिळून मोदक वळावेत. दाबणं, लांबवणं, चिमटीत धरणं, हाताच्या व्यायामात हेच करून घेतात. कोणत्या हालचाली, किती वेळ, ते फिजिओंना विचारून.

---

चिखलणी | ११ जुलै, रात्री १०:४१

अवांतर, पण पाट आहे म्हणून सांगतो. पोरांना पाणचक्की करून द्या. पोफळीच्या झावळीच्या दांडीचा वीतभर तुकडा घ्या, मधोमध खिळ्याने भोक पाडून त्यात माडाचा हीर (झावळीच्या पात्याची मधली काडी) घाला, तो झाला आस. दांडीत आडव्या चिरा पाडून त्यांत विरीचे चार चौकोनी तुकडे खोचा, ही पाती. दोन बेचकीच्या काठ्या पाटाच्या दोन्ही काठांना रोवून त्यांवर हीर टेकवायचा. पाती पाण्यात अर्धी बुडाली पाहिजेत, जास्त बुडाली तर फिरत नाही. विरी ओली असतानाच कापा, सुकली की तडकते.

---

पाखाडी | १२ जुलै, सकाळी ७:३०

चिखलणी, हे आज बाबांच्या देखरेखीखाली होणार.

अजून एक विचारायचं राहिलं. रविवारी नणंद येते आहे, ती दोघांना समुद्रावर नेईन म्हणते. या दिवसांत नेऊ द्यावं का?

---

वेळणेश्वरची_लाट | १२ जुलै, सकाळी ८:०४

वाळूत हो, पाण्यात नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, समुद्रात जन्म काढलेली माणसं होड्या वर ओढून बसतात, यावरून ओळखा. पावसाळ्यात लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि आत ओढणारे प्रवाह वरून दिसत नाहीत. घोट्याएवढ्या पाण्यातही चार वर्षांच्या पोराचा हात सोडायचा नाही.

वेळ ओहोटीची निवडा. आमच्याकडे अजून जुना हिशोब चालतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहाला. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पूर्ण भरती उलटून दोन-अडीच तास झाले की ओली, घट्ट वाळू मिळते, किल्ले त्याच वाळूचे उभे राहतात. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा जायचं टाळा. खडकाळ बाजूला कालवं असतात, त्यांनी पाय चिरतात, तिथे चप्पल काढू देऊ नका. किनाऱ्यावर निळे फुग्यासारखे जीव वाहून आलेले दिसले तर हात लावू देऊ नका, मेलेले असले तरी डंख मारतात.

---

गांधारेश्वर_पूल | १२ जुलै, सकाळी ८:४०

पाखाडी, विहिरीचं काय झालं? काम झालं का?

---

पाखाडी | १२ जुलै, सकाळी ८:५२

तात्पुरत्या फळ्या टाकून वर चिरे ठेवलेत. दादा म्हणतात लोखंडी जाळी करून घ्यायला हवी, पण गावातला वेल्डर लावणीला गेलाय.

---

गांधारेश्वर_पूल | १२ जुलै, सकाळी ९:१०

माझ्या भावाचं हेदवीत फॅब्रिकेशनचंच काम आहे. विहिरीच्या तोंडाचं माप व्यक्तिगत निरोपात पाठव, आडवं आणि उभं दोन्ही. रहाट किंवा पंपाचा पाइप कुठून आत जातो त्याचा फोटोही, म्हणजे तेवढी खाच ठेवता येईल. कुलूप लावायला कडी सांगते त्याला.

---

पाखाडी | १२ जुलै, सकाळी ९:१४

नवरा टेप घेऊन निघालाय. दहा मिनिटांत पाठवते.